डोक्यावरचं पुस्तक

गेल्या २६ नोव्हेंबरला अंबडला संविधान दिनाचं कविसंमेलन झालं. रात्रपाळी उरकून मी जालन्याहून एस.टी.नं तसाच गेलो. रोलिंग मिलमध्ये आठ तास लालबुंद सळईपुढं उभं राहिलेल्या माणसाच्या डोळ्यात झोप नसते, नुसती धग असते. त्या डोळ्यांनी मी एकवीस कवी ऐकले. बाविसावा मी.

ऐकता ऐकता निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागं टिपत गेलो. संविधान म्हणजे आई, नऊ वेळा. संविधान म्हणजे सूर्य, सात वेळा. शिवाय श्वास, काळीज, ढाल, वटवृक्ष. माझ्या कवितेत ते दिवा होतं. टाळ्या पडल्या, मला जरा जास्तच पडल्या. पण बावीस कवितांत मिळून एकही कलम नव्हतं. ज्या पुस्तकाचा उत्सव चालला होता त्या पुस्तकात काय लिहिलंय, हे त्या मांडवात कुणालाच कळलं नसतं.

खाली उतरलो तर चहाच्या गाड्यावर एक कॉलेजचा पोरगा भेटला. म्हणला, "दादा, एक विचारू का? ते अमेरिकेतले लोक बघा. साधा ट्रक हाकणारा गडी असतो. पोलिसानं अडवलं की म्हणतो, माझी चौथी दुरुस्ती, माझी पाचवी दुरुस्ती. आकडा सांगतो राव. आपल्याकडं एवढी गाणी, एवढ्या कविता, नि ठाण्यात गेलं की आपण हात जोडतो. असं काहून?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहाचे पैसे त्यानंच दिले. हा लेख त्या पोरासाठी आहे. आणि त्या बावीस कवितांची समीक्षाही हीच समजा. पहिला दगड मी माझ्याच कवितेला मारणार आहे, म्हणजे बाकीच्यांनी रागवायचं कारण नाही.

०

सोपं उत्तर असं की ते लोक शिकलेले, श्रीमंत, त्यांची लोकशाही जुनी. हे उत्तर मला पटत नाही. त्यांच्या त्या जुन्या पुस्तकाचा जन्मच बघा. १७८७ साली ते लिहिलं गेलं. सुरुवात 'आम्ही' या शब्दानं झाली, आपल्याही पुस्तकाची तशीच झाली. पण त्या 'आम्ही'त गुलाम नव्हता. जागा वाटायला लोकसंख्या मोजायची तेव्हा पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, असा हिशोब त्याच पुस्तकात लिहून ठेवला होता. कवितेचा अभ्यास करणाऱ्यांनी सर्वनामाकडं आधी बघावं. 'आम्ही' म्हणणाऱ्यानं दाराबाहेर कुणाला उभं केलंय, हे कळलं की अर्धी कविता कळते.

त्यात हक्कांची यादीही नव्हती. लोक बिथरले. ज्या सरकारला आम्ही एवढी ताकद देतोय त्याचे हात कुठं बांधलेत ते दाखवा, अशी मागणी राज्याराज्यांतून आली. तेव्हा कुठं १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या. त्यांचा पाया संशयाचा आहे. सरकार आपलं असलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हा तो संशय. तिथला माणूस आकडा लक्षात ठेवतो याचं पहिलं कारण हे. त्या दुरुस्त्यांची कुणी पूजा मांडत नाही. दाराला कडी असावी तशा त्या आहेत, नि कडी कुठं आहे ते घरातल्या पोराठोरांनाही ठाऊक असतं.

पण ही गोऱ्या माणसाची गोष्ट झाली. त्याच्या घराला कडी होती कारण त्याला घर होतं. ज्याला घरच नव्हतं, त्यानं या पुस्तकाशी काय केलं? आपल्या कामाची गोष्ट तिथून सुरू होते.

गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांतच दोन पक्ष पडले. विल्यम लॉइड गॅरिसन हा गोरा कार्यकर्ता. मोठा निष्ठावान माणूस. तो म्हणायचा, हे पुस्तकच गुलामांच्या मालकांनी लिहिलंय. १८५४ च्या ४ जुलैला भर सभेत त्यानं ते जाळलं. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलाम होता, १८३८ साली पळून आला होता. चोरून-मारून वाचायला शिकलेला. सुरुवातीला तोही गॅरिसनच्या बाजूनं होता. पण त्यानं ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं आणि १८५१ साली उलटा निष्कर्ष काढला. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते जाऊ द्या, शब्द काय आहेत ते बघा. शब्द माझ्या कामाचे आहेत, ते मी वापरणार. जाळणारा गोरा नि वाचणारा काळा! दोस्तहो, समीक्षा म्हणतात ती ही. संहितेवर हक्क लिहिणाऱ्याचा का वाचणाऱ्याचा, असले वाद आपल्या विद्यापीठांतले सर लोक घालतात. डग्लसनं तो वाद पाठीवरच्या वळांनी सोडवला.

पुढं यादवी झाली, नि १८६५ ते १८७० मध्ये तीन दुरुस्त्या आल्या. तेरावीनं गुलामगिरी गेली, चौदावीनं समान संरक्षण आलं, पंधराव्या दुरुस्तीनं मत आलं. कागदावर सगळं आलं. जमिनीवर काही आलं नाही. न्यू ऑर्लिन्सचा होमर प्लेसी १८९२ साली मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला, म्हणजे खटला व्हावा. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला हरवलं. वेगळं ठेवलं तरी समानच आहे, म्हणे! आपल्या गावकीला हे वाक्य फार आवडलं असतं. ते खोटं ठरायला १९५४ साल उजाडलं. अठ्ठावन्न वर्षं. या अठ्ठावन्न वर्षांत काळ्या माणसानं तोच कागद, तीच चौदावी दुरुस्ती, पुन्हा पुन्हा कोर्टाच्या टेबलावर नेऊन ठेवली. वठला नाही तरी तोच चेक परत परत बँकेत भरावा तसं.

आता एका बाईची गोष्ट. फॅनी लू हॅमर. मिसिसिपीतली, दुसऱ्याच्या मळ्यात कापूस वेचणारी. आपला अंबड-घनसावंगीचा पट्टा कापसाचा, तेव्हा बोंडानं बोटं कशी फाटतात ते वेगळं सांगायला नको. चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत काळ्या माणसाला मत देता येतं हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. १९६२ साली ती मतदार म्हणून नाव लावायला गेली. तिथं परीक्षा. कारकुनानं तिला राज्याच्या घटनेतला एक उतारा दिला, 'डी फॅक्टो' कायद्यांवरचा, नि म्हणला, याचा अर्थ लिही. ती नापास झाली. घरी आली तर मळेवाल्यानं मळ्यातून काढलं. पण तिनं काय केलं? ती त्या राज्याची घटना वाचायला बसली. परत परीक्षेला गेली, नि १९६३ साली मतदार झाली. त्याच वर्षी तुरुंगात तिला मरेस्तोवर मारलं. तरी १९६४ साली ती सगळ्या देशापुढं साक्ष द्यायला उभी राहिली. १९६५ ला कायदा झाला नि त्या परीक्षा गेल्या.

पोरा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. अमेरिकन माणसाला हक्काची किंमत कळली, कारण ज्यांना तो नाकारला त्यांनी तो आकड्यानिशी मागितला, हरले तरी मागितला. वारशानं मिळालेल्या वस्तूची किंमत कुणी करत नाही. पण दारात उभं राहून कुणी ती शंभर वर्षं मागत राहिलं, की घरातल्यालाही कळतं की आपल्याकडं काहीतरी मोलाचं आहे. आणि तिथं सगळं आलबेल आहे असंही समजू नको. तेराव्या दुरुस्तीत शिक्षा म्हणून सक्तमजुरीची फट ठेवलीच होती. तिच्यातून काळ्या कैद्यांना ठेक्यावर दिलं गेलं. कागद आहे म्हणून माणूस सुटत नाही. कागद हातात धरून भांडता येतं, एवढंच.

०

आता आपल्याकडं येऊ. हे वाचताना माझाच एक भ्रम फुटला, तो सांगतो.

मला वाटायचं, आपलं पुस्तक म्हणजे त्यांच्या पुस्तकाची नक्कल. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, तिथून आणलं असणार. हे अर्धवट आहे. त्यांच्या हक्कांचा रोख सरकारवर आहे. सरकारनं असं करू नये, तसं करू नये. शेजाऱ्यानं काय करू नये याबद्दल ते पुस्तक बहुतेक गप्प. हॉटेलमालकांनी, नाटकगृहांनी काळ्यांना मज्जाव करू नये असा कायदा १८७५ साली त्यांच्या संसदेनं केला, तर १८८३ साली कोर्टानं तो मोडीत काढला. म्हणे चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, हॉटेलवाल्याला नाही. म्हणून १९६० च्या १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो गावात चार काळी पोरं दुकानातल्या खानावळीत नुसतं बसून राहिली. तसली हजारो पोरं बसली, मार खाल्ला, नि १९६४ ला कायदा झाला तेव्हा कुठल्याही खानावळीत कॉफी मागणं हा काळ्याचा हक्क झाला.

आपल्या पुस्तकात हे १९५० सालीच लिहिलेलं आहे. कलम १५ चं दुसरं पोटकलम. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते. आणि कलम १७. अस्पृश्यता गेली म्हणताना ते नुसतं सरकारला सांगत नाही, गावाला सांगतं, पाटलाला सांगतं, शेजारणीला सांगतं. हे अमेरिकेतून आलेलं नाही. हे महाडहून आलंय. १९२७ च्या २० मार्चला चवदार तळ्याची ओंजळ उचलली, ती तेवीस वर्षांनी विहिरी, तलाव, घाट या तीन शब्दांत उतरली. मपली आज्जी सांगती, "बारवाच्या काठाला घागर घिऊन उभं ऱ्हायचं. कुणाला दया आली तं वाढायचं पाणी. न्हाय आली तं घागर रिकामीच." आज्जीला तलाव म्हणजे काय हे माहीत होतं. १५(२) माहीत नव्हतं. मला १५(२) माहीत नव्हतं, नि तलाव तर मी फक्त कवितेत वापरला.

मताचंही तेच. फॅनी लू हॅमर परीक्षेला बसली त्याच्या दहा वर्षं आधी, १९५१-५२ च्या निवडणुकीत, मराठवाड्यातला निरक्षर म्हार-मांग चिन्ह बघून पेटीत मतपत्रिका टाकून आला होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत जे निजामाची रयत होते त्यांना तीन-साडेतीन वर्षांत मत! कुठली परीक्षा नाही, कुठला उतारा नाही. पण हे फुकट पडलं नव्हतं. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढं, १९२८ साली सायमन कमिशनपुढं बाबासाहेब मताचा हक्क मागत उभे होते. आपण मागितलं होतं. आपल्या माणसानं आपल्यासाठी मागितलं, तेही आकडे मांडून. आपण ते विसरलो, नि आता म्हणतो की संविधानानं आम्हाला दिलं. देणारं ते नाही. त्यातलं एकेक कलम ही एकेका लढ्याची पावती आहे. पावतीला कुणी हार घालत नाही, जपून ठेवतं नि वेळेला दाखवतं.

०

एका पावतीची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती तुमच्या-माझ्या अंगावर येणारी आहे. कलम २२.

मसुद्यात आधी अमेरिकेच्या वळणाचे शब्द होते. माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर नुसता कायदा असून भागणार नाही, रीत न्याय्य हवी, असा त्यांचा आशय. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर त्यांना म्हणले, ही भानगड घेऊ नका, न्यायाधीशांच्या हातात फार ताकद जाते. मग ते शब्द गेले. कायद्यानं घालून दिलेली पद्धत पाळली की झालं, असं कलम २१ उरलं. म्हणजे संसदेनं वाईट कायदा केला तरी चालेल! समितीत पुष्कळांना हे रुचलं नाही. बाबासाहेबांनाही ती बोच होती. म्हणून १९४९ च्या १५ सप्टेंबरला त्यांनी नवं कलम आणलं, तेव्हा त्याचा आकडा १५-अ होता. सभागृहाला त्यांनी सरळ सांगितलं की आधी जे गमावलं त्याची ही भरपाई आहे. तेच आज २२.

काय आहे त्यात? धरलं तर कारण लवकरात लवकर सांगा. वकिलाला भेटू द्या, वकील त्याच्या पसंतीचा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. तीन गोष्टी. पाठ करायला तीन मिनिटं लागतात. त्याच कलमाच्या खालच्या अंगाला खटल्याशिवाय स्थानबद्ध करायची सोयही आहे. तीही वाचा. जो भक्त असतो तो खालचं अंग बघत नाही. आपल्याला ते बघायला लागंल, कारण आंदोलनातल्या माणसाला तेच लागतं.

अमेरिकेत १९६६ साली मिरांडा खटल्यात ठरलं की चौकशी करायच्या आधी पोलिसानंच आरोपीला त्याचे हक्क ऐकवायचे. तो ट्रकवाला गडी आकडा सांगतो त्यात हेही एक कारण आहे. हक्क सांगणं तिथं पोलिसाच्या कामातच आलं. आपल्याकडं १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अटकेची नियमावली घालून दिली. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा कागद, घरच्यांना निरोप, डॉक्टरची तपासणी. २०२४ च्या १ जुलैपासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, नागरिक सुरक्षा संहिता आली. आतले आकडे बदलले. २२ तेच आहे.

चार वर्षांपूर्वी एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला. गावाचं नि ठाण्याचं नाव सांगत नाही. आम्हा पाच पोरांना संध्याकाळी सातला उचललं. का, ते कुणी सांगितलं नाही. बाकड्यावर बसवलं. रात्र गेली, सकाळ गेली, दुपार गेली. काय झालं ते लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही पाचही जण घोषणा देण्यात एक नंबर. पाचातल्या दोघांच्या मोबाईलवर प्रस्तावनेचा फोटो. आणि पाचही जण "साहेब, साहेब" करत होतो.

दुपारी चारला एक निवृत्त गुरुजी आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. ठाणे अंमलदाराला म्हणले, "साहेब, पोरांना किती वाजता आणलं? अटक केलीय का नुसतं बसवलंय? अटक केली असंल तर कारण सांगा नि कागद दाखवा, सातला चोवीस तास पुरे होतात. अटक नसंल तर पोरं घरी चालली."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. अंमलदारानं पहिल्यांदा मान वर केली. मग गुरुजींना खुर्ची आली. अर्ध्या तासात आम्ही रस्त्यावर होतो.

वाटेत मी विचारलं, "गुरुजी, भ्या नाही वाटलं?"

"वाटलं ना बाबा. पाय लटलटत होते. म्हणून तर रात्री वाचून आलो."

त्या रात्रीवर मी कविता लिहिली. दोन ठिकाणी छापून आली. तिच्यात अंधार आहे, बूट आहेत, रक्त आहे, हजारो वर्षं आहेत. गुरुजी नाहीत. तो प्रश्न नाही. ज्या वाक्यानं आम्ही सुटलो ते वाक्य मला कवितेच्या लायकीचं वाटलं नाही. दिव्याच्या कवितेला टाळ्या पडत होत्या तेव्हा मला हेच आठवत होतं.

०

आता कवितेबद्दल दोन शब्द स्पष्ट बोलतो.

पहिल्या पिढीच्या दलित कवितेनं नकार दिला. देवाला नकार, पोथीला नकार, प्रस्थापितांच्या गोड शब्दांना नकार. शिवीसुद्धा कवितेत येऊ शकते हे त्या पिढीनं मराठीला शिकवलं. पँथर १९७२ साली उठले ते नुसते कवितेच्या जोरावर उठले नव्हते. इलायापेरुमल समितीचा सरकारी अहवाल, पेपरात आलेली अत्याचारांची प्रकरणं हे कागद त्यांनी वाचले होते. आणि ज्यांच्यावरून ते नाव घेतलं त्या ओकलंडच्या ब्लॅक पँथरांची १९६६ ची पहिली कामगिरी काय होती? पोलीस काळ्या माणसाला अडवतोय तिथं कायद्याला मान्य असलेल्या अंतरावर उभं राहायचं, नि कायद्याचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं. ह्युई न्यूटनच्या हातात बंदूक होती तशी कायद्याची पोथीही होती. आमच्या पिढीनं त्यांचं काळं जाकीट नि मूठ टी-शर्टवर छापली. पुस्तक वगळलं.

ज्या कवितेनं पोथी नाकारली तीच आता नवी पोथी करून ओवाळतेय. आई, सूर्य, श्वास या प्रतिमा वाईट नाहीत. पण त्या कुणालाही, कशालाही लागू पडतात. आईकडं हक्क मागत नाहीत, माया मागतात. सूर्याला अर्ज करता येत नाही. दैवत केलं की त्याच्याशी भांडता येत नाही, नि त्याच्या नावानंही भांडता येत नाही. फक्त हात जोडता येतात. म्हणून तो पोरगा म्हणला तसं ठाण्यातही आपण हात जोडतो. सवय आपण कवितेतच लावून घेतलीय. डोक्यावर घेतलेलं पुस्तक वाचता येत नाही.

आमच्या आधी असं नव्हतं. भीमराव कर्डकांचे जलसे आठवा. गाणं मुद्दा घेऊन यायचं. पाणी का हवं, मत का हवं, शाळा का हवी, हे न वाचणाऱ्या माणसाला कळेल असं सांगून मग डफ वाजायचा. मुद्दा आल्यानं गाणं कोरडं झालं नाही. आपल्या भाषेत कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे झाडाला बांधतात ते, नि कलम म्हणजे घटनेतलं. इतका धडधडीत शब्द हाताशी असताना आपण सूर्य शोधत हिंडतो.

कुणी म्हणंल, आकडे पाठ करून काय होतं? गावात जमीन त्यांची, सोसायटी त्यांची, ठाणं त्यांचं. ही शंका खोटी नाही. बाबासाहेबांनीच १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना सांगितलंय की हक्काचं रक्षण नुसता कायदा करत नाही, समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. १९५३ साली राज्यसभेत चिडून ते घटना जाळायचंही बोलले. विरोधक तेवढंच सांगतात. १९५५ साली त्यांनी त्याचा खुलासा केला की देवासाठी बांधलेल्या देवळात सैतान येऊन बसलेत, तो भाग सांगत नाहीत. म्हणजे त्या माणसानं स्वतःच्या पुस्तकाची पूजा केली नाही. भांडत राहिला. आपण त्यांचे अनुयायी, नि आपल्याला पूजा सोपी वाटते.

समाजाची बुद्धी आपोआप जागी होत नाही. परभणीचं बघा. आपल्यापासून लांब नाही, तेच गोदेचं खोरं. २०२४ च्या १० डिसेंबरला रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक पेटले. त्यांचा राग खरा होता, तो मी कमी लेखत नाही. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. काचेतल्या पुस्तकाला धक्का लागला तर आपण हजारोंनी रस्त्यावर आलो. त्याच पुस्तकातली २१ नि २२ ही कलमं ज्याच्यासाठी होती तो जिवंत माणूस पाच दिवसांत गेला.

आणि नंतर काय झालं तेही लक्षात ठेवा. त्याची आई उच्च न्यायालयात गेली. २०२५ च्या जुलैत औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही तो आदेश टिकला. पोरगा परत येत नाही. पण त्या माऊलीनं जे केलं ते डग्लसनं केलं, हॅमरनं केलं. कागद उचलला नि टेबलावर ठेवला. बावीस कवींत एकानंही तिच्यावर लिहिलं नव्हतं. संविधानाला आई म्हणणारे नऊ होते, नि संविधान हातात घेऊन कोर्टाची पायरी चढणारी खरी आई एकाही कवितेत नव्हती.

आता हे पुस्तक फक्त आपलं राहिलेलं नाही, हेही बघा. आमच्याच अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाचं उपोषण झालं, २०२३ च्या १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला. २०२४ च्या जूनमध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण बसलं. कोण बरोबर, कोण चूक, हा आजचा विषय नाही. पण दोन्ही मांडवांतला वाद शेवटी १५(४) नि १६(४) पाशीच येऊन थांबतो. ज्या पुस्तकाला गावात 'त्यांचं पुस्तक' म्हणायचे, त्याच्याच दारात आता सगळं गाव उभं आहे. अशा वेळेला ते कुणाला वाचता येतं, यावर पुष्कळ ठरणार आहे. आपण ओवाळत बसलो तर दुसरे वाचून मोकळे होतील.

०

म्हणून पुढच्या २६ नोव्हेंबरसाठी एक सूचना मांडतो. अंबडला, जालन्याला, जिथं जमंल तिथं. प्रत्येक कवीनं एक कलम घ्यायचं. ते वाचायचं. मग ज्याच्यावर ते कलम वापरायची वेळ आली, जिंकला असो का हरलेला, असा एक माणूस शोधायचा. त्याच्या घरी जायचं, त्याचं ऐकायचं. मग लिहायचं. प्रतिमा सुचली तर जरूर टाका, बंदी नाही. पण ऐकून घरी गेलेल्या बाईला रात्री ठाण्यातून फोन आला, तर तिला एक तरी वाक्य आठवलं पाहिजे.

मी २३ घेतलंय. वेठबिगारीचं. मला वाटायचं ते जुन्या काळातलं, पाटलाच्या वाड्यावरचं. मग कळलं की १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हणलंय, किमान वेतनापेक्षा कमी पैशात माणूस राबवला तर तीही सक्तीची मजुरी, २३ चा भंग. आमच्या पाळीत ठेकेदाराची चौदा माणसं आहेत, बिहारची, यूपीची, दोन आपल्या भोकरदनची. चिमट्यानं लाल सळई धरतात. हजेरीच्या वहीत एक आकडा असतो, हातात दुसरा पडतो.

दिव्याची कविता मी फाडली नाही. पेटीत आहे. सध्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौदा नि मी, पंधरा जण, वहीतला आकडा नि हातातला आकडा एका कागदावर समोरासमोर लिहून काढतोय. सहा जणांचं झालंय. बाकीचे भितात. मीही भितो. म्हणून रात्री वाचून जातो.

जय भीम.